कपाळावरचा बांध

एका जंगलात, म्हणजे आपल्या नव्हे, सातासमुद्रापलीकडच्या एका भल्यामोठ्या जंगलात, दोनच जाती होत्या. हत्तीकडचे आणि गाढवाकडचे. हसू नका. तिकडे गाढव ही शिवी नाही, पक्ष आहे. ससा असो की सांबर, पिल्लू जन्मलं की आधी विचारत, हे कोणाकडचं? नाव मग सवडीने ठेवत.

या जंगलाच्या वरच्या अंगाला एक तळं होतं आणि तळ्याला मातीचा बांध होता. पूर्वजांनी घातलेला. पूर्वजांनी एक शिस्तही लावून दिली होती. पानगळ संपली की एका सकाळी सगळ्यांनी ओढ्याकाठचा चिखल आणायचा आणि बांधावर थापायचा. हत्तीने सोंडभर, उंदराने मूठभर. भाषण नाही की मिरवणूक नाही. थापायचा आणि घरी जायचं.

मी जुन्या वळणाचा माणूस आहे, मला असली शिस्त आवडते. तुमच्या आईवडिलांना विचारा, ते सांगतील मी किती कटकट करतो ते.

तर एका वर्षी काय झालं, एका हत्तीने नवी झूल घातली होती. चिखलाने ती खराब झाली असती. तो म्हणाला, "ओढ्याचा चिखल बांधाला लावण्यापेक्षा आपण बांधाचीच चिमूटभर माती कपाळाला लावू या. भावना पोचली म्हणजे झालं."

ही कल्पना सगळ्यांना फार आवडली. कष्ट कमी आणि भक्ती जास्त. पुढच्या वर्षी चिमटीची मूठ झाली, कारण ज्याचं प्रेम मोठं त्याचा टिळा मोठा. मग हत्ती अख्खं कपाळ माखू लागले. आणि हत्तीचं कपाळ केवढं असतं, ते तुम्ही पाहिलेलंच आहे.

बांध बारीक होत चालला. पण कपाळं भरलेली दिसत होती, त्यामुळे कोणाला काळजी वाटली नाही.

आता टिटवीबाईंची ओळख करून देतो. टिटवी पाय वर करून झोपते, हे तुम्हाला ठाऊक असेल. आभाळ पडू नये म्हणून. या टिटवीबाई त्याच घराण्यातल्या. रोज संध्याकाळी त्या एका वठलेल्या झाडावर बसून जंगलाला बातम्या सांगत. बातमी एकच असे. आभाळ पडत आहे, गाढवाकडच्यांनी पाडलं आहे, आणि ते आपण दोन पायांवर तोलून धरलं आहे. पुरावा काय? अजून पडलेलं नाही, हाच पुरावा.

"आपलं जंगल आपल्याला पुन्हा पूर्वीसारखं करायचंय!" त्या ओरडत. खाली हत्तीकडचे सोंडा उंचावत. "कुंपणाखालून परकी जनावरं घुसतायत! आणि त्यांच्या कपाळावर टिळा नाही!"

टिटवीबाईंची आजीही पलीकडच्या दलदलीतूनच आली होती. पण तेव्हा परवानगी लागत नव्हती, कारण ती आहे का, हे विचारायला इथे कोणी बसलेलं नव्हतं.

समोरच्या झाडावर गाढवाकडच्या कोकिळाबाई बसत. यांचा गळा गोड. जगातल्या यच्चयावत प्राण्यांविषयी त्यांच्या मनात अपार कळवळा होता. स्वतःची पोरं मात्र कावळिणीकडे वाढत होती. त्या म्हणत, "टिळा हा जुलूम आहे!" आणि टिळ्याचा निषेध म्हणून हत्तीचे मातीचे पुतळे करून लाथाडत. माती कुठली? बांधाचीच. पुतळ्याला चांगली चिकट माती लागते.

बांधाच्या अगदी पायथ्याशी गोजरी नावाची सशीण राहत होती. नवरा लांडग्याने नेलेला. पदरात तीन पिल्लं, अजून डोळे न उघडलेली. एका सकाळी ती जागी झाली तर बिळातलं गवत ओलं. वर पाहिलं तर बांधातून पाणी झिरपतंय. बांध फुटला तर पहिलं बीळ तिचं जाणार होतं.

ती धावत टिटवीबाईंकडे गेली.

"टिटवीताई, बांध गळतोय हो. तेवढं संध्याकाळी सांगा ना सगळ्यांना. एक दिवस सगळ्यांनी ओढ्याचा चिखल आणला तर भागेल. पूर्वी आणायचे तसा."

टिटवीबाईंनी मान वाकडी केली. "तुझ्या कपाळावर टिळा का नाही गं, गोजरे?"

"अहो, ती माती बांधालाच कमी पडतेय, म्हणून नाही लावला."

"म्हणजे पूर्वजांचा बांध कच्चा आहे, असं म्हणायचंय तुला?"

"कच्चा नाही हो. खरवडलाय."

"कोणी पाठवलं तुला? गाढवांनी?"

गोजरी तिथून कोकिळाबाईंकडे गेली. कोकिळाबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं आणि तिचे ओले पाय पाहून डोळ्यांत पाणी आणलं.

"तुझं दुःख मला कळतंय, गोजरी. तू ओली आहेस. ओल्यांचा आवाज आजवर दाबला गेला."

"आवाजाचं राहू द्या, बाई. चिखल आणायला चार जण द्या."

"बांध दुरुस्त करायचा? हत्तीच्या पूर्वजांनी घातलेला?" कोकिळाबाई दचकल्या. "अगं, आपल्या माणसांना काय वाटेल?"

मुलांनो, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी ही म्हण पाठ करून ठेवा. तुम्हाला आयुष्यभर पुरेल.

त्या संध्याकाळी दोघींनी मिळून चर्चा ठेवली. विषय होता, 'सशिणीने असं का केलं?' गोजरीला मधल्या फांदीखाली बसवलं. तिने तोंड उघडलं, "माझी पोरं खाली…" इतक्यात एक हत्ती म्हणाला, हिचा टिळा कुठाय. एक गाढव म्हणालं, हिने टिळा का लावावा. मग बाकीची चर्चा टिळ्यावर झाली. ऐकायला अख्खं जंगल लोटलं होतं. एक सांबर तर म्हणालं, इतकी रंगलेली चर्चा आपण जन्मात ऐकली नाही.

गोजरी घरी गेली. तिला राग आला होता. मलाही आला असता. पण राग धरून बसायला तिला वेळ नव्हता. पहाट झाल्यावर ती ओढ्यावर गेली, पुढच्या दोन पायांत मावेल तेवढा चिखल आणला आणि बांधावर थापला. परत गेली, परत आणला. झिरपणारी एक जागा बुजली. तिला इतका आनंद झाला, की ती तिथल्या तिथे गिरकी घेऊन नाचली.

नेमकं तेच टिटवीबाईंनी वरून पाहिलं.

"धावा! धावा! पूर्वजांच्या बांधाला चिखल फासला! आणि वर नाचतेय!"

हत्तीकडचे कपाळं माखून धावत आले. एकाने सोंडेत पाणी भरून गोजरीचा सगळा चिखल धुऊन काढला. बांध पवित्र झाला आणि पुन्हा गळू लागला.

"आता बांधाचं रक्षण करा!" टिटवीबाई म्हणाल्या. म्हणून सगळे हत्ती बांधावर चढून उभे राहिले.

हत्ती चढलेले पाहून कोकिळाबाई ओरडल्या, "बांध काय यांच्या बापाचा आहे?" म्हणून सगळी गाढवंही चढली.

"अहो, उतरा!" गोजरी खालून किंचाळत होती. "तुम्ही सगळे मिळून हत्ती आहात! नाही, गाढव आहात! काय असाल ते असा, पण उतरा!"

ते शेवटचं वाक्य दोन्ही बाजूंना लागलं. दोघांनीही रागाने पाय आपटले.

गोजरी पुढचं ऐकायला थांबली नाही. एक पिल्लू तोंडात धरून ती टेकाडावर धावली, परत आली, दुसरं नेलं. तिसऱ्यासाठी आली तेव्हा वर टिटवीबाई सांगत होत्या, "वर पाहा! आभाळाकडे लक्ष ठेवा! संकट वरूनच येणार!" सगळे माना वर करून पाहत होते. तिसरं पिल्लू उचलून गोजरी बिळाबाहेर पडली आणि तिच्या शेपटीमागे बांध बसला.

हत्ती वाहत गेले, गाढवं वाहत गेली. मेलं कोणी नाही, कारण ही गोष्ट मुलांची आहे. पण गोजरीचं बीळ गेलं, तळं रिकामं झालं, आणि ज्या जंगलात पाणी हुंदडत होतं तिथे एका उन्हाळ्यात जिभा लोंबू लागल्या.

बांध फुटला त्या संध्याकाळी टिटवीबाई पंख वाळवत झाडावर आल्या. सगळं जंगल चिखलात बसून ऐकत होतं.

"मला एकच सांगा," त्या म्हणाल्या. "आभाळ पडलं का?"

सगळ्यांनी वर पाहिलं. खरंच पडलं नव्हतं.

"मग कोणी सांभाळलं?"

हत्तीकडच्यांना गहिवरून आलं. समोर कोकिळाबाई गात होत्या, की बांधच मुळात अन्यायाचा होता, बरं झालं गेला. एका गोष्टीवर मात्र दोन्ही झाडांचं प्रथमच एकमत झालं. आधी बांध ठीक होता. सशिणीने हात लावला आणि फुटला.

गोजरी अजून त्या टेकाडावर राहते. नव्या बिळाभोवती तिने मातीचा वीतभर कठडा केला आहे. पोरांचे डोळे उघडले आहेत. खाली सगळ्यांची माखलेली कपाळं पाहून धाकटं परवा म्हणालं, "आई, मला पण टिळा लाव ना."

"आधी कठड्याला लावू," गोजरी म्हणाली. "उरला तर तुला."

अजून उरलेला नाही.

तात्पर्य : मुलांनो, चिखल मिळाला की तो आपल्या कपाळाला लावावा. पूर्वजांचा मान राहतो, चार लोकांत कौतुक होतं, आणि पुढे पूर आलाच तर आपल्याला कोणी काही विचारत नाही. तो बांधाला लावणाऱ्याची मात्र चौकशी होते.