शेवटचा शब्द आबासाहेबांचा

एका जंगलात, बाळांनो, शिकार बंद पडली होती आणि ब्रिज सुरू झाला होता. समोरासमोरचे दोघे भिडू. डावात एकूण तेरा हात. आधी बोली लागायची. बोलीच्या आकड्यात सहा मिळवायचे आणि तितके हात करून दाखवायचे.

या जंगलाची एक रीत होती. शेवटचा शब्द वडीलधाऱ्यांचा.

तरुण शेकरू झुपकी आपल्या भिडूसमोर, म्हणजे गवा आबासाहेबांसमोर, बसली होती. नदीपलीकडची दोन साळिंदरं पाहुणी होती. फिरत्या ढालीच्या सामन्याचा हा शेवटचा डाव. बारा हातांचा स्लॅम बोलून साधला, तरच ढाल इथं राहणार होती. आणि झुपकीही संघात राहणार होती.

“एक इस्पिक,” आबासाहेब म्हणाले.

झुपकीनं पानं उघडली आणि तिची शेपटी फुलली. इस्पिकं भरगच्च, वर दोन एक्के! दहा हात डोळे मिटून होते. पण बारा? उरलेले दोन्ही एक्के साळिंदरांकडे असले, तर सगळंच बोंबललं. फांदी न बघता उडी मारणं शेकरूला जमत नाही. तिनं विचारायचं ठरवलं.

“चार नोट्रंप.” म्हणजे, भिडू, तुमच्याकडे एक्के किती?

“पाच चौकट.” म्हणजे एक.

तीन आपले, एक त्यांचा. बारा हात, अगदी नेमके!

“सहा इस्पिक!” झुपकी म्हणाली.

आता आबासाहेबांनी फक्त गप्प बसायचं होतं. पण बघ्यांत कुजबुज झाली. शेवटचा शब्द पोरीचा? आबासाहेबांनी शिंगं ताठ केली.

“सात इस्पिक!”

“अहो, पण...” झुपकीच्या तोंडून एवढंच निघालं.

साळिंदरानं पहिल्याच पानाला किल्वरचा एक्का आपटला. उरलेले बाराच्या बारा हात आबासाहेबांनी मोठ्या रुबाबात केले. बोलले होते तेरा. ढाल नदीपलीकडे गेली.

“चूक तुझी,” आबासाहेब म्हणाले. “तूच सहा बोलून बसलीस. मला जागा कुठं ठेवलीस?”

“आणि मी पाच बोलले असते तर?”

“तर मी सहा बोललो असतो की! ढाल आपलीच होती, वेडे.”

झुपकीला संघातून काढलं. उंच ध्येय बाळगल्याबद्दल आबासाहेबांचा सत्कार झाला.

तात्पर्य: बाळांनो, खूप शिका, प्रश्न विचारा, खरं उत्तर शोधून काढा. आणि ते सापडलं की त्याच्याहून एकानं कमी बोला.