बिनडांबरी अण्णा

मांजरसुंब्याच्या चौकात तुम्ही कधी चहाला थांबला असाल, तर अण्णांना नक्की पाहिलं असेल. पांढरा पायजमा, डोक्याला मफलर आणि खांद्यावर सायकल. अण्णा सायकलवर नव्हेत, सायकल अण्णांवर. सत्तरीकडे झुकलेला हा माणूस महामार्गाच्या कडेला येऊन उतरतो, सायकल खांद्यावर घेतो, हात वर करून ट्रक थांबवतो आणि सावकाश पलीकडे जातो. पलीकडे माती लागली की सायकल खाली, अण्णा वर, आणि दोघंही बाभळींमागे गडप.

एकदा एका ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "ओ बाबा, पंक्चर झालीय का?"

"न्हाई."

"मग उचलून कावून नेताय?"

"डांबराला चाक लावीत न्हाई मी."

"कावून?"

"ती तुमची जागा हाय. तुमालाच लखलाभ."

मी अण्णांची शेजारीण, आणि गावची ग्रामसेविका. लिंबागणेशच्या पलीकडचं आमचं गाव. दोन्ही नात्यांनी अण्णा माझ्या वाट्याला आले. सकाळी कुंपणावरून आणि दुपारी अर्जावरून. मला यादी केल्याशिवाय दिवस सुरू करता येत नाही, आणि ह्या यादीत 'अण्णा' हा शब्द इतक्या वेळा आला, की पुढे मी तो लिहायचाच सोडला. पाणी, वीज, वसुली असतात तसे अण्णा असतातच.

ह्या सगळ्याचं मूळ फ्रान्समध्ये आहे. अण्णांची लेक तिकडे नांदते. एका उन्हाळ्यात अण्णा आणि काकू तिच्याकडे राहून आले. माणसं परदेशातून चॉकलेट आणतात, अण्णांनी एक कल्पना आणली. तिथे म्हणे एक जुना कालवा आहे. पूर्वी कडेने घोडे चालायचे आणि होड्या ओढायचे. होड्या गेल्या, घोडे गेले, वाट राहिली. ती त्यांनी सायकलींना आणि पायी चालणाऱ्यांना देऊन टाकली.

"गाडी न्हाई, हारन न्हाई," अण्णा सांगतात. "झाडाच्या सावलीतून नुसतं पायडल मारायचं. गाव आलं की जुनं दगडी देऊळ, पार, पावाचं दुकान. बसायचं, खायचं, फुडच्या गावाला निघायचं. समोरून कुनी आलं तर बोंजूर म्हनायचं. बास."

परत आलेली इतर माणसं वर्षभर तिकडचं कौतुक आणि इकडची निंदा करतात. अण्णांचं उलटं. त्यांचं पालुपद एकच, "आपल्याकडं बी हेच हाय!" त्यांच्याकडे कालवा, तर आपल्याकडे पाणंद, म्हणजे शेताशेतांच्या मधून जाणारी जुनी गाडीवाट. त्यांच्याकडे दगडी देऊळ, तर आपल्याकडे महादेवाचं हेमाडपंती. त्यांच्याकडे पाव, तर आपल्याकडे भाकरी. "फकस्त त्यांनी वाट ठिवली, आन आपुन मोडली," एवढाच त्यांच्या मते दोन देशांतला फरक.

मग अण्णांनी सहली सुरू केल्या. अट एक, डांबराला शिवायचं नाही. पहिल्या सहलीला बीडहून एक दातांचे डॉक्टर आणि त्यांचे तीन मित्र आले. सायकली अशा, की त्यांच्यापुढे आमच्या सरपंचांची गाडी फिकी वाटावी. सामानाची यादी मी करून दिली होती आणि तिच्यात 'पंक्चरचं सामान, भरपूर' असं ठळक लिहिलं होतं. डॉक्टर हसले. बाभळीला हसलेलं खपत नाही. पहिल्या पाणंदीतच चारी सायकली आडव्या झाल्या आणि डॉक्टरसाहेब मेंढरांच्या हौदात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधू लागले. मेंढरांचा मालक काठीवर हनुवटी टेकून बघत होता.

"बोंजूर," अण्णा त्याला म्हणाले.

"बोंजूर, अण्णा," तो सरावाने म्हणाला. "ही कुठली मानसं?"

"बीडची."

"आरं देवा," तो म्हणाला आणि मदतीला बसला.

पुढे एका वीरगळीपाशी डॉक्टरांनी विचारलं, की हा वीर नेमका कुणाशी लढला? अण्णा म्हणाले, "ते कुनालाच म्हाईत न्हाई. पर मोटारीखाली मेला न्हाई, एवढं पक्कं."

सहलीत अण्णा एक विचित्र काम करायचे. मधेच उतरून वाटेवर पाय घासून बघायचे, दगड बाजूला फेकायचे, चढ आला की मान हलवायचे. "ही न्हाई चालायची," असं काहीतरी पुटपुटायचे. आम्हाला वाटायचं, वय झालं.

काकूंना ह्यातलं काही पटत नाही, अशी साऱ्या गावाची समजूत होती. काकू म्हणजे ठणठणीत आवाजाच्या, फ्रान्सलाही नऊवारी नेसून गेलेल्या. कुणी अण्णांची चौकशी केली की म्हणायच्या, "आमच्या ह्यांच्या अंगात फ्रान्स येतंय. लिंबू उतरून पाह्यलं, जात न्हाई."

अण्णांनी साऱ्या पाणंदी पालथ्या घालून शेवटी एक पसंत केली. आमच्या गावापासून बारवेपर्यंतची. सपाट, दोन्ही बाजूंना कडुनिंब आणि शेवटी पायऱ्यांची ती जुनी विहीर. आणि नेमकी तीच पाणंद डांबरी करायचं सरपंचांनी ठरवलं. सरपंच म्हणजे राजाभाऊ, अण्णांचे सख्खे धाकटे भाऊ.

ग्रामसभेला मारुतीच्या सभामंडपात जागा उरली नाही. मी विषय वाचला. अण्णा लगेच उभे राहिले.

"मुरूम टाका. दाबा. झाडं लावा. पर डांबर नको, आन मोटारीला बंदी."

हशा झाला. अण्णांच्याच वयाचे बन्सीबापू मागून ओरडले, "मग ऊस कशावर न्यायचा बे? तुज्या क्यारेजवर?"

"बैलगाडीवर न्हेत हुता तुजा बाप."

"माजा बाप तर पायी पंढरीला जायचा. त्यो बिनचपलीचा हिंडायचा. मीबी हिंडू का?"

राजाभाऊ शांतपणे म्हणाले, "अण्णा, पावसाळ्यात वस्तीवरच्या बाळंतिनीला बाजंवर उचलून आनावं लागतंय. लोकं रस्ता मागतेत."

"वस्तीला दुसऱ्या अंगानं डांबर हायेच की. ते खड्डे आधी बुजव. बारवंकडं कोन बाळंत व्हाया जातंय?"

"उसाचं काय?"

"राजा, साऱ्या जगाला डांबर हाय. मला एक वाट मागतोय मी. एकच."

मतदान झालं. सगळे हात एका बाजूला, अण्णांचा एक दुसऱ्या बाजूला. खरं सांगायचं तर हात वर करायचा अधिकार मला असता, तर तो मी राजाभाऊंच्या बाजूने केला असता. अण्णा माझ्या टेबलाशी आले. "माझं नाव लिवा मॅडम. एकटा इरोधात. आन मोठ्या अक्षरात लिवा."

मी लिहिलं.

काम सुरू झालं. मुरूम पडला, पाणी मारलं, रोलर फिरला. डांबर येईपर्यंत ट्रॅक्टरने चाकोऱ्या पाडू नयेत म्हणून ठेकेदाराने दोन्ही तोंडांना मोठे दगड लावले. पुढचं बिल माझ्याकडे येण्याआधी रुंदी मोजावी, म्हणून मी एका सकाळी टेप घेऊन गेले. नुकतं उजाडलं होतं.

दगडांच्या आत शिरले, आणि समोरून काकू आल्या. सायकलवर.

काष्टा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला, नजर सरळ, जबडा आवळलेला. मागून अण्णा सीट धरून धावत होते. "हात ढिल्ले सोड! खाली बघू नगं! मॅडमकडं तर बिलकूल बघू नगं!"

काकूंनी माझ्याकडेच पाहिलं आणि मुरमाच्या ढिगात जाऊन थांबल्या. मी धावले. त्या कोपर झटकत उठल्या.

"कुनाला सांगू नका मॅडम," त्या म्हणाल्या, आणि लगेच कंबरेवर हात ठेवला. "न्हाईतर सांगा. काय करतेत बघू."

मग त्या मुरमाच्या ढिगावरच बसल्या आणि सांगू लागल्या. फ्रान्समध्ये त्या कालव्याकाठी लेकीने त्यांना सायकलवर बसवलं होतं. "तितं कुनी वळखत न्हवतं आन मागून गाडी येत न्हवती. पडले, उठले, पडले, उठले. परत निघायच्या आदल्या दिशी यायला लागली, मॅडम! येकटीला! इतं आल्यावर बसले येकदा हमरस्त्यावर. मोटारसायकलवाल्यानं मागून असा हारन दिला, की पडले चारचौघांत. सारा पार हसला. म्हनलं, आता नगं. आपलं ते फ्रान्सातच ऱ्हाऊ दे."

अण्णा सायकलचं हँडल सरळ करत होते. मान वर न करता म्हणाले, "ती सोडून बसली. मी न्हाई."

म्हणजे ते पायाने वाट घासून बघणं, ते दगड फेकणं, ती मान हलवणं. बीडच्या डॉक्टरांना अण्णांनी सहलीला नेलं नव्हतं. कुठल्या वाटेवर किती माणसं पडतात, ते पाहायला नेलं होतं.

काकू उठल्या आणि पुन्हा सीटवर चढल्या. ह्या खेपेला त्यांनी अण्णांचा हात झटकला. "सोडा. तुमाला पळताना दम लागतो, त्यो मला ऐकू येतो." आणि निघाल्या. आधी वेड्यावाकड्या, मग जरा सरळ.

"डांबर कवा येतंय?" अण्णांनी विचारलं.

मी टेप काढला, एका टोकावर दगड ठेवला आणि मोजलं. चार पावलं पुढे जाऊन पुन्हा मोजलं. रुंदी कमी भरत होती. फार नाही. एरवी मी ठेकेदाराला फोन करते आणि तो त्याच दिवशी कड वाढवून देतो.

"रुंदी कमी आहे," मी म्हणाले. "लेखी कळवावं लागेल. तालुक्याहून अभियंता येईल, फेरमोजणी होईल. तोवर हे दगड हलवता येणार नाहीत."

"किती दिस?"

"नियमाप्रमाणे लागतील तेवढे."

काकू आता कडुनिंबांच्या रांगेत खूप लांब गेल्या होत्या, हिरव्या लुगड्याचा एक ठिपका. थांबण्याचं काही लक्षण नव्हतं. मला काळजी वाटली. "अण्णा, त्यांना वळता येतं का?"

"न्हाई अजून," अण्णा म्हणाले. ते रस्त्याच्या मधोमध रिकाम्या हातांनी उभे होते. "म्हनून बारवंपाशी बाभळी तोडून जागा केलीय. लई मोठी केलीय. कितीबी मोठं वळन घेतलं तरी बसतंय तिचं."