तीनशे साठ अंशांत अभ्यास

माणसाच्या प्रगतीत बिजागरीचा वाटा फार मोठा आहे. बिजागरी नसती तर दार म्हणजे भिंतीचाच एक हट्टी भाग राहिला असता, आणि कपाटात कपडे आहेत यावर आपल्याला नुसता विश्वास ठेवावा लागला असता. तरीही साधी बिजागरी ठरावीक अंतर वळते आणि त्यापुढे ढकललं की तुटते. ही मर्यादा ओलांडलेली बिजागरी ज्या लॅपटॉपला बसवलेली असते, तसा लॅपटॉप मी घेतला. तो पार उलटा दुमडतो, स्क्रीनला बोट लावलेलं त्याला कळतं, आणि सोबत एक पेन येतं.

घेण्यामागचं कारण गंभीर होतं. मी एका विमा कंपनीच्या शाखेत, दावे विभागात, हंगामी कारकून आहे. लोकांचं काय मोडलं, काय जळलं, काय वाहून गेलं याची नोंद घ्यायची आणि त्यांना आणखी एक कागद आणायला सांगायचं, हे माझं काम. वर्षअखेरीला खात्याची परीक्षा असते. पास झाला तर माणूस कायम होतो. नापास झाला तर 'पुढे बघू' होतो, म्हणजे त्याला तीन-तीन महिन्यांची मुदतवाढ मिळत राहते आणि एक दिवस ती द्यायचं साहेबांच्या लक्षात राहत नाही. परीक्षा घरूनच, आपापल्या यंत्रावर, कॅमेऱ्यासमोर बसून द्यायची असते. तेव्हा अभ्यासाच्या आधी यंत्र आलं पाहिजे, हे ओघानंच आलं. (अभ्यास त्यानंतर किती दिवसांनी आला पाहिजे, याबद्दल परिपत्रकात उल्लेख नव्हता.)

घेण्याआधी मी जाणकाराचा सल्ला घेतला. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या वसुलीवाल्याकडे अगदी तसाच लॅपटॉप होता.

"कसा आहे रे?" मी विचारलं.

त्यानं तो उघडला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, "उत्तम."

एवढं तांत्रिक स्पष्टीकरण मला पुरेसं होतं.

हा लॅपटॉप चार अवस्थांत राहू शकतो. पहिली साधी अवस्था. यात तो इतर कुठल्याही लॅपटॉपसारखा दिसतो, म्हणून मी ती कटाक्षानं टाळली. दुसरी तंबू अवस्था. यात तो टेबलावर तंबूसारखा उभा राहतो आणि आपण त्यापुढे हात बांधून बसतो, कारण बटणं पलीकडच्या बाजूला गेलेली असतात. तिसऱ्या अवस्थेत बटणं पालथी पडतात आणि स्क्रीन आपल्याकडे तोंड करून मागे रेलते, जेवण झालेल्या मामांसारखी. चौथी पाटी अवस्था. हिच्यासाठीच लोक हा लॅपटॉप घेतात. पूर्ण दुमडून हातात धरायचा. दुकानात उभ्या उभ्या धरला तेव्हा हलका वाटला होता. दुकानात तो मी मिनिटभरच धरला होता, हे नंतर आठवलं. धरताना खालच्या बाजूनं बोटांना बटणं लागत राहतात. ती बंद असतात, तरी अनोळखी माणसाच्या गुडघ्यावर चुकून हात पडावा तसं अवघडल्यासारखं होतं.

पाटी अवस्थेत मी आडवा होऊन 'विम्याची मूलतत्त्वे' वाचायला घेतली. तिसऱ्या मूलतत्त्वापाशी डोळा लागला आणि लॅपटॉप तोंडावर आला. त्याच वेळी ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांनी 'रविवारी कोण येऊ शकेल?' असं विचारलं होतं, आणि खाली तयार उत्तरांची बटणं आली होती. माझ्या नाकानं 'नक्की!' दाबलं. स्पर्शाला इतका संवेदनशील पडदा मी अन्यत्र पाहिलेला नाही. रविवारी मी गेलो.

पेनाविषयीही चांगलंच बोललं पाहिजे. त्यानं लिहिताना शाईचा रंग निवडता येतो. मी व्याख्यांना निळा, अपवादांना तांबडा, आणि अपवादांच्या अपवादांना जांभळा रंग ठरवला. जांभळ्याच्या छटा बऱ्याच होत्या, त्यात एक आठवडा गेला. माझ्या हस्ताक्षराचा छापील मजकूर करून देण्याची सोय यंत्रात आहे. माझं अक्षर तपासून त्यानं सगळी टिपणं 'चित्र' म्हणून जतन केली. (माझ्या शाळेतल्या बाईंचंही हेच मत होतं, पण त्यांना ठरवायला वर्ष लागलं होतं.)

आता आईकडे वळू. आमच्या घरात जी वस्तू पुसता येते, ती पुसली जाते. एके सकाळी मी सराव परीक्षा उघडली, यंत्र तंबू अवस्थेत टेबलावर उभं केलं आणि मन एकाग्र व्हावं म्हणून चहा करायला गेलो. परत आलो तेव्हा आई फडकं घेऊन निघाली होती आणि पडद्यावर निकाल झळकत होता. चौतीस.

"तू काय केलंस?"

"पुसलं. किती बोटं उमटली होती त्यावर! कुणी पाहुणा बघेल तर काय म्हणेल?"

आदल्या रात्री त्याच परीक्षेत मला एकतीस मिळाले होते.

ताईनं दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहिले. ताई शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला दया नसते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. फडक्यानं बरेचसे प्रश्न सोडून दिले होते आणि मी एकही सोडला नव्हता. "फडक्याला आपली मर्यादा कळते," ती म्हणाली.

"मग परीक्षेला हिलाच बसवा," बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"मी नाही बाई," आई म्हणाली, "मला वेळ कुठंय? पंखे राहिलेत."

मी फ्रिजवर सूचना लावली. 'घरातील सर्व सदस्यांस कळविण्यात येते की परीक्षा संपेपर्यंत सदर यंत्रास कोणीही फडके, पदर, टॉवेल वा तत्सम वस्त्र लावू नये. उल्लंघन झाल्यास होणाऱ्या परिणामांस संबंधित सदस्य जबाबदार राहील.' संध्याकाळपर्यंत आईनं ती सूचनाही पुसली होती, वरून धूळ बसते म्हणून. पण सूचनेतला शब्द मात्र तिनं पाळला. यंत्राला ती हात लावेनाशी झाली. येता-जाता त्याच्याकडे बघायची आणि सुस्कारा टाकून पुढे जायची.

परीक्षेच्या दिवशी घरानं मला पूर्ण सहकार्य दिलं. बाबांनी टीव्ही लावला नाही. ताईनं दार ओढून घेतलं. आई स्वयंपाकघरात फडकं दोन्ही हातांत धरून बसली. मी विचारपूर्वक तिसरी अवस्था निवडली, कारण तीत मी कॅमेऱ्यात सर्वांत अभ्यासू दिसतो. (हे आधी तपासलं होतं. अभ्यासाचं जे वेळापत्रक होतं, त्यातला एक दिवस यासाठीच होता.)

आणि सांगायला आनंद वाटतो की पेपर सोपा गेला. म्हणजे खरंच. नाकावर पडलेली मूलतत्त्वं डोक्यात शिरली असावीत. आगीचे दावे आले, ते मला येत होते. पुराचे आले, तेही येत होते. जे येत नव्हते ते मी फडक्याकडून धडा घेऊन सोडून दिले. एक तृतीयांश पेपर झाला तेव्हा मी मनातल्या मनात कायम झालो होतो. टेबलाच्या खणाला कुलूप कुठलं लावायचं तेही ठरलं होतं.

तेवढ्यात मला पडद्यावर बोटाचा एक डाग दिसला. खाली, उजव्या कोपऱ्यात. माझाच होता. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. घरचं वळण शेवटी कुठे जातं! मी शर्टाची बाही तळव्यावर ओढली आणि पुसला.

डागाखाली 'परीक्षा संपवा' असं बटण होतं. बाही उजवीकडे जाताना ते दाबलं गेलं. 'आपली खात्री आहे का?' असं यंत्रानं विचारलं. बाही परत येताना 'हो' दाबलं गेलं.

पडद्यावर आभार आले. मी मदत केंद्राला फोन लावला. तिकडच्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "उमेदवारानं स्वतः दोनदा होकार दिलाय, सर. आमच्याकडे दोन्हींची नोंद आहे."

बाहेर आलो. तिघंही माझ्याकडे बघत होती. मी झालेलं सांगितलं. बाबांनी टीव्ही लावला, पण आवाज बंद ठेवला. ताईनं किती गुण गेले याचा हिशेब मांडला नाही; हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सांत्वन होतं. आई बराच वेळ फडक्याची घडी करत राहिली.

"डाग निघाला का?" तिनं हळूच विचारलं.

"निघाला."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि मला जवळ घेतलं. त्याच फडक्यानं माझं तोंडही पुसलं.

सध्या मी 'पुढे बघू' आहे. पहिली मुदतवाढ मिळाली आहे. दुसरी साहेबांच्या लक्षात राहण्यावर आहे. वसुलीवाल्याला मी जाब विचारला. "अरे, मला सांगायचंस तरी! तू तर उत्तम म्हणाला होतास."

"मग काय म्हणणार? घेतलेला होता ना मी! आणि मी कुणाला विचारून घेतला, माहितेय?"

त्यानं साहेबांच्या केबिनकडे मान वळवली. काचेपलीकडे साहेबांचा लॅपटॉप तंबू अवस्थेत उभा होता. त्यावर साहेबांच्या कुटुंबाचा फोटो होता. साहेब शेजारी कागदावर पेन्सिलीनं आकडेमोड करत होते.

काल आमच्या कॅशियर बाई माझ्या टेबलापाशी थांबल्या. त्यांच्या डोक्यात नवीन लॅपटॉप घ्यायचं आहे. "कसा आहे रे?" त्यांनी विचारलं. मी तो उघडला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला, खिडकीबाहेर पाहिलं आणि जे सांगायचं ते सांगितलं. त्या आज सुट्टीवर आहेत. दुकानात गेल्या असाव्यात.

तुमच्यासाठी मात्र मी सगळं काही न लपवता लिहिलं आहे: नाक, फडकं, बाही, सगळं. आणि एवढं सगळं वाचूनही, त्या चारपैकी आपल्याला कुठली अवस्था बरी पडेल, हे तुम्ही मघाशीच ठरवून ठेवलं आहे. कुठली, ते मला सांगू नका.