हर्षलाच्या मशीनचा लिलाव

विकणारा आणि घेणारा या दोघांनी आपापली कर्तव्यं ओळखली, तर समाजाची प्रगती कोणी रोखू शकत नाही. या उदात्त विचाराने मी शेलू-नेरळ परिसरासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर लिलावाचा गट काढला आणि त्याचा अध्यक्षही झालो (बिनविरोध, दुसरं कोणी उभंच नव्हतं).

नियम मीच लिहिले. विक्रेत्याने बोली संपल्यावर माघार घेऊ नये. खरेदीदाराने वस्तू दुसऱ्या दिवशी उचलावी. ‘घरच्यांना विचारलं नव्हतं’ ही सबब चालणार नाही. आणि जो शेवटपर्यंत वाचेल, त्याला सर्व नियम मान्य आहेत असं धरण्यात येईल. भाषा अशी काही भारदस्त उतरली की मला माझाच धाक वाटला.

उद्घाटनाला वस्तू हवी, म्हणून मी आमच्या हिच्या, हर्षलाच्या, शिलाई मशीनचा फोटो टाकला. भिण्याचं कारण नव्हतं. आमच्या लोधिवलीच्या देवळात नारळाचा लिलाव होतो, तेव्हा बोली जिंकणारा नारळ घरी नेत नाही. तो देवालाच परत देतो आणि त्याचाच पुन्हा लिलाव होतो. माणसाला मान मिळतो, नारळ जागेवर राहतो. मोबाइल आला म्हणून लोक रीत थोडीच सोडणार?

रात्री बोली नेरळच्या बदरुन्निसाबाईंनी जिंकली आणि सकाळी त्या टेंपो घेऊन दारात हजर. त्यांचं शिवणकामाचं दुकान. त्यांनी नियम वाचले होते (असं कोणी करेल, याची तरतूद मी केली नव्हती).

“बाई, ती बोली मानाची होती हो,” मी म्हणालो.

“मान तुमाला ऱ्हाऊ दे, भाऊ. मशीन मला द्या.”

हर्षला बाहेर आली. लग्नसराईचे ब्लाउज अर्धवट पडलेले, गिऱ्हाइकं रोज फोन करतायत. मी मोबाइल तिच्यापुढे धरला. तिने नियम उभ्याउभ्या वाचले, ब्लाउज पिशवीत कोंबले आणि बदरुन्निसाबाईंना विचारून टेंपोत जाऊन बसली.

“मशीन जिथं, तिथं मी. घरात दुसरं मशीन येत नाय, तवर मी पण येत नाय. बसा अध्यक्षपद सांभाळत!”

मला रडू आलं. पदाचा मान राखून मी ते मोरीत जाऊन उरकलं.

संध्याकाळी नियमांत एक भर घातली: अध्यक्षांच्या पत्नीला मशीन मिळवून देणं, हे नियम मान्य असणाऱ्याचं पहिलं कर्तव्य राहील. गटावर कोणी वाचलं नाही (बदरुन्निसाबाई गटातून बाहेर पडल्या आहेत, त्यांचं काम झालं).

तुम्ही मात्र शेवटपर्यंत वाचलंत. मशीन पायाचं असलं तरी चालेल. घरच्यांना विचारलं नव्हतं, ही सबब चालणार नाही.