मल्लप्पा मिस्त्री आणि गंगव्वाची विळी

दारात आलेला माणूस कडी वाजवतो. मल्लप्पा मिस्त्री कडी चाटत.

माझ्या शाळेतल्या नोकरीपायी सोलापुरात आम्ही बिऱ्हाड केलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी दार उघडलं, तर धोतर-कोट-पटक्यातले एक पोक्त गृहस्थ वाकून आमच्या कडीला जीभ लावून उभे. मागून आई आली आणि तिनं तोंडाला पदर लावला. गृहस्थांनी डोळे मिटून क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "दोन पावसाळे खाल्ल्यात हिनं, मास्तर. तिसरा काय काडत न्हाई बगा. येकदा बुडवू की!"

हे आमचे शेजारी. स्टेशनाच्या अंगाला बादल्यांचा एक कारखाना होता, तिथं ते मिस्त्री. तयार बादली आधी तेजाबात धुवायची, मग नवसागराच्या पाण्यात बुचकळायची आणि शेवटी वितळलेल्या जस्ताच्या कढईत बुडवून काढायची, म्हणजे तिला गंज चढत नाही. काम एवढंच. पण उघडं पोर दिसलं की आजीचा जीव जसा कासावीस होतो, तसा मिस्त्रींचा जीव उघडं लोखंड पाहून होई. दिसलं लोखंड की "येकदा बुडवू की!"

आणि गंजाची ही धास्ती कुठं, तर सोलापुरात! मी एकदा म्हणालो, "मिस्त्री, इथं माणसाला प्यायला पाणी पुरत नाही. लोखंडाला गंजायला कुठून आणणार?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "गंजाला पाऊस लागत न्हाई, मास्तर. लोखंड मोकळं बसलं की पुरं. हात फिरंना झाला की चडतोय त्यो."

आमची बादली त्यांनी बुडवली, ती आजही शाबूत आहे. तिथंच थांबायला हवं होतं. पुढे त्यांनी आमचा उंदराचा पिंजरा नेला. पिंजरा चांदीसारखा चमकू लागला, पण कढईच्या आगीनं त्याच्या स्प्रिंगातला जीवच गेला. उंदीर यायचे, सावकाश खोबरं खायचे आणि आल्या वाटेनं परत जायचे. माझ्या छत्रीच्या काड्या कापड सोडवून बुडवून आणल्या, मग ती उघडायला दोन माणसं लागत. कुलूप तर त्यांनी किल्लीसकट बुडवलं. मी कपाळाला हात लावला, तर म्हणाले, "किल्ली येगळी ठिवली तर गंजंल की! आता दोगंबी सुकात ऱ्हात्याल." सुखातच राहिली ती. पुन्हा कधी एकमेकांपासून सुटली नाहीत. मी त्यांचा उपयोग वह्यांवर वजन ठेवायला केला.

यावर आम्ही दोन घटका चिडून मोकळे होत होतो. त्यांच्या बायकोला, गंगव्वाला, यातच संसार करायचा होता. बाई मोठी सोशीक. खलबत्ता गेला, चिमटा गेला, ती बोलली नाही. तवा तेवढा तिनं ज्वारीच्या कणगीत लपवून वाचवला होता.

पण एका उन्हाळ्यात मिस्त्रींनी तिच्या विळीचं पातं पाटावरून उपटून नेलं. ती विळी तिच्या आईनं लग्नात दिलेली. आई आता नव्हती. दुसऱ्या दिवशी गंगव्वा वांगं चिरायला बसली, तर वांगं चिरलं जाईना, नुसतं चेपलं. मिस्त्री बाजूलाच छाती फुगवून उभे. "शंभर वरसं बगायला नको हिच्याकडं!"

आमची मधली भिंत पातळ. पलीकडून गंगव्वाचा आवाज आला, अगदी हळू. "माज्या आईची विळी हुती ती. जशी हुती तशी करून ठिवा, मग मला बोलवा." आणि गाठोडं घेऊन ती माहेरी अक्कलकोटला निघून गेली.

दोन दिवस मिस्त्री आळीभर "येती की, कुटं जाती?" म्हणत हिंडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते पातं कारखान्यात नेलं आणि स्वतःच्या हातानं तेजाबात टाकून त्याचं जस्त उतरवलं. जन्मभर जस्त चढवलेला माणूस! कामगार म्हणे काम सोडून बघायला जमले. मग लोहाराकडून पाणी पाजून, धार लावून पातं पुन्हा पाटावर बसवलं.

आता पंचाईत अशी, की विळी उघडी. बुडवायची सोय नाही, आणि मोकळी बसली तर गंजणार. यावर मिस्त्रींनी उपाय काढला. रोज संध्याकाळी ते विळी दगडावर घासत आणि भाजी चिरायला बसत. स्वतः जेवत खानावळीत. म्हणून मग आळीची भाजी. "आक्का, हाय का काय चिरायचं?" असं विचारत ते आधी आमच्या दारात येत. आईची गवार झाली की पलीकडच्या नरसम्माचा कोबी, तिच्यापुढच्या घरची भेंडी. दिवसा कामावर जाताना विळी आईकडे सोपवून जात, फार वेळ मोकळी बसायला नको म्हणून. बायकांची चंगळ झाली. वर्षभरात आळीतल्या बाकी सगळ्या विळ्या गंजल्या.

एकदा मी विचारलं, "मिस्त्री, विळी तर होती तशी झाली. मग वहिनींना बोलावणं का धाडत नाही?"

त्यांचा हात थांबला. "धाडलं, आन् न्हाई आली तर?" मग गवारीची एक शेंग उगीच दोनदा मोडून म्हणाले, "अजून येल आसं वाटतंय, मास्तर. तेवडं तरी ऱ्हातंय की."

आई आत चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं असावं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामावर गेले आणि आईनं विळी पंच्यात गुंडाळून अक्कलकोटची मोटार धरली. तिथं तिनं काही बोलण्याआधीच गंगव्वानं पंचा सोडला. रोज घासून घासून पातं निम्म्यावर आलं होतं.

"यव्वा! कुणी खाल्लं हिला?"

"सगळ्या आळीच्या भाजीनं," आई म्हणाली आणि तिनं मिस्त्रींचा वर्षभराचा उद्योग सांगितला. गंगव्वा आधी पोट धरून हसली. मग रडली. मग गाठोडं बांधायला उठली.

संध्याकाळी मिस्त्री कामावरून आले. दार उघडं, चुलीचा धूर, आणि आतून भाजी चिरल्याचा आवाज. ते उंबऱ्याशी थबकले. आत जायचं सोडून हळूच पायरीवर बसले आणि ऐकत राहिले. आम्ही मायलेक खिडकीतून पाहत होतो. आईला राहवेना, मी तिचा हात धरून ठेवला.

बऱ्याच वेळानं गंगव्वा दारात आली.

"आत या की," ती म्हणाली. "मोकळं बसलं की गंज चडतोय म्हणं."

मिस्त्री उठले. त्या दिवशी कडीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.