ओळख पटत नाही

शहाड स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर असलेल्या उल्हासतीर सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभागृहात, नऊ फेब्रुवारी रोजी, बंटी नावाच्या रहिवाशाचा वाढदिवस साजरा झाला. बंटी हा कुत्रा निघाला. या घटनेची कार्यकारिणीने अत्यंत गंभीर दखल घेतली. मी संस्थेचा चिटणीस असल्यामुळे दखल घेण्याचं काम माझ्याकडेच होतं.

आमच्या संस्थेची एक वेबसाइट होती. चौथ्या मजल्यावरच्या सर्वेशने, तो कॉलेजात असताना, ती फुकट करून दिली होती. तिच्यावर सभागृहाचं कॅलेंडर होतं. ज्याला हॉल हवा त्याने तारखेवर आपलं नाव लिहायचं आणि वॉचमन देवरामकडून किल्ली घ्यायची. सहा वर्षांत एकही तक्रार नव्हती. त्यामुळे व्यवस्था किती ढिसाळ आहे, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तातडीची सभा बोलावली. सर्वेश आता ठाण्याच्या एका कंपनीत याच कामावर होता. तो म्हणाला, ‘‘काका, सिम्पल आहे. लॉगिन टाकू. सिस्टिमने दोन गोष्टी विचारायच्या. तुम्ही कोण, आणि तुम्हाला काय करायची परवानगी आहे.’’

पहिल्या प्रश्नावर सभा अडीच तास चालली. दुसऱ्या प्रश्नासाठी उपसमिती नेमली.

उपसमितीने रहिवाशांचे मूळ सभासद, सहसभासद, भाडेकरू आणि पाहुणा असे चार वर्ग पाडले. प्रत्येकाने मोबाइल नंबर नोंदवायचा, मग लॉगिन करताना त्यावर ओटीपी येणार. सभागृहाच्या दाराचं जुनं कुलूप काढून तिथे वेबसाइटला जोडलेलं इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवलं. देवरामची किल्ली समारंभपूर्वक परत घेतली. लॉगिन अडकलंच तर काय, याचीही तरतूद केली. ज्याचं लॉगिन अडकेल त्याला ओळखणाऱ्या, घरचे आणि पाहुणे सोडून, दोन रहिवाशांनी त्याचं पूर्ण नाव आणि गाव अर्जात लिहून सही करायची, की लॉगिन मोकळं. हे कलम माझंच. शेजारधर्म वाढावा, हा हेतू.

मोबाइल नंबर मात्र कोणी देईना. शहाण्णव फ्लॅटांतून आठवड्यात तीन अर्ज आले आणि त्यांतल्या एकावर केबलवाल्याचा नंबर होता. शुभारंभाची पत्रिका छापून झाली होती. तेव्हा मी सर्व फ्लॅटांपुढे माझा नंबर टाकला. तूर्त. आपल्याकडे गॅसपासून रेशनपर्यंत कुठल्याही फॉर्मवर कोणाचा तरी नंबर तूर्त टाकलेला असतोच, त्याने आजवर काही अडलेलं नाही.

आता कोणालाही लॉगिन करायचं असलं की ओटीपी माझ्या फोनवर यायचा. सकाळपासून खिडक्यांतून हाका सुरू. ‘‘काका, आला का हो?’’ मी गॅलरीत उभा राहून सहा आकडे खणखणीत आवाजात वाचायचो. मेसेजमध्ये ‘हा क्रमांक कोणालाही सांगू नये’ असं लिहिलेलं असायचं, तेही वाचायचो, कारण मेसेज अर्धवट वाचणं मला पटत नाही. यंत्रणेच्या दृष्टीने उल्हासतीरमध्ये शहाण्णव फ्लॅट होते आणि एकच माणूस राहत होता. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

एप्रिलच्या मध्यावर आवडाबाई आल्या. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती आवडाबाईंच्या घरची. मागच्या बाजूला त्यांचं जुनं घर अजून आहे. सभागृहावर ‘कै. गणू काथोड भोईर सभागृह’ अशी पाटी आहे, ते त्यांचे यजमान.

‘‘सेकेटरी, चोवीस तारखेला आमचे निशिगंधाची हलद हाय. हॉल उघडून ठेव,’’ त्या म्हणाल्या. निशिगंधा ही त्यांची नात. आजोबांच्या नावाच्या हॉलमध्येच हळद लागायची, हे ती शाळेत असल्यापासून ठरलेलं होतं.

‘‘मावशी, आता लॉगिन करावं लागतं.’’

‘‘तं कर.’’

‘‘मी नाही, तुम्हाला करावं लागतं. तुम्ही कोण, ते सिस्टिमला कळायला हवं.’’

‘‘मी कोन?’’ आवडाबाई पाटीकडे पाहत म्हणाल्या. ‘‘त्या पाटीला इचार.’’

मी सर्वेशला फोन लावला. त्याने यादी तपासली. जमीन देणारे, असा वर्ग नव्हता. मूळ सभासदात त्या बसत नव्हत्या, भाडेकरू तर नव्हत्याच. ‘‘पाहुणामध्ये टाकू का, काका?’’ तो चाचरत म्हणाला. फोन स्पीकरवर होता. आवडाबाईंनी पदर खांद्यावर ओढला आणि त्या देवरामच्या खुर्चीत बसून राहिल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, नियम राहू दे बाजूला, निदान काम तरी होऊ दे. मी त्यांचं नाव पाहुण्यांमध्ये घातलं आणि मोबाइलच्या रकान्यात माझा नंबर टाकला. तूर्त.

यंत्रणेने शहाण्णव माणसं सहन केली होती, सत्त्याण्णवावं तिला संशयास्पद वाटलं. एकाच नंबरावर इतके लोक म्हणजे तोतयेगिरी, असा तिने निष्कर्ष काढला आणि सगळ्यांची लॉगिनं गोठवली. माझंही गोठवलं, सर्वेशचंही. घाईत त्याच्या फ्लॅटपुढेही माझाच नंबर पडला होता. सभागृहाचं दार आतून ‘टिक’ असं वाजलं आणि कायमचं बसलं.

‘‘तोडा ना मग कुलूप,’’ देवराम म्हणाला. पण कुलूप तोडायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो आणि सभेची नोटीस वेबसाइटवरच टाकायची, असं आम्ही मार्चमध्ये ठरवलं होतं.

‘‘काका, तुमचं एक मोकळं झालं की तुमच्याकडून बाकीची होतील,’’ सर्वेश म्हणाला. ‘‘दोन साक्षीदार आणा फक्त.’’

हातात अर्ज घेऊन मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. सात वर्षं आमची दारं समोरासमोर आहेत. दार उघडणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, ‘‘अय्या, ओटीपीकाका! या ना.’’ अर्ज वाचल्यावर त्यांचा चेहरा पडला. ‘‘पूर्ण नाव लिहायचंय? काय हो तुमचं नाव?’’ मी रागावणार होतो, पण त्यांना काय म्हणून हाक मारायची ते मलाही ठाऊक नव्हतं. पाचव्या मजल्यावर मला ‘लीकेजवाले’ म्हणून ओळखत होते. मी दोन दिवसांत सहा मजले पालथे घातले. सगळ्यांकडे माझा नंबर होता, नाव कोणाकडेच नव्हतं.

तेवीस तारखेला मी हार मानून आवडाबाईंच्या ओटीवर जाऊन बसलो. अर्ज त्यांच्या हातात होता.

‘‘एवढंच इचारतंय का?’’ त्या म्हणाल्या. ‘‘विठ्ठल धाकू घाग. गाव संगमेश्वर. बायको रसिका. तुझी आय गेली तवा हितंच बसून रडलास तू. लिव.’’

मला लिहवेना. डोळे पुसून म्हणालो, ‘‘मावशी, तुमची साक्ष चालणार नाही. तुम्ही पाहुण्या आहात.’’

हळद रस्त्यावर झाली. बंद सभागृहासमोर मांडव घातला आणि निशिगंधा आजोबांच्या नावाकडे पाठ करून पाटावर बसली. आवडाबाईंनी आदल्या दिवशी स्वतः सहा मजले चढून प्रत्येक दारात, प्रत्येकाला नावाने हाक मारून आमंत्रण दिलं होतं. शहाण्णवच्या शहाण्णव फ्लॅट खाली उतरले. ओटीपी कोणी मागितला नाही. जेवताना मात्र सगळे एकमेकांकडे, ही मंडळी कुठली, अशा नजरेने पाहत होते.

सभागृह अजून बंद आहे. कार्यकारिणीने खास बाब म्हणून आवडाबाईंची साक्ष ग्राह्य धरली, म्हणजे आता एकच साक्षीदार कमी आहे. नियम शिथिल करून तो संस्थेबाहेरचा चालेल, असंही ठरलं. माझं पूर्ण नाव आणि गाव तुम्ही वाचलेलंच आहे, तेव्हा सही तुम्हीच करावी, ही विनंती. साक्षीदार विश्वासू असल्याची खात्री करण्यासाठी फक्त एक रकाना वाढवलाय. तुमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव आणि गाव त्यात लिहा. दार उघडून पाटी वाचायची नाही.