बर्फातल्या गाडीचा अहवाल

छत्री विकत घ्यायची असली की मेश्राम साहेब ती आधी मे महिन्यात वापरून बघतात.

"पावसात कोणतीही छत्री टिकते हो मॅडम," ते मला एकदा म्हणाले, "पण लखनऊच्या लूमध्ये, त्या गरम वाऱ्यात, तिच्या काड्या किती वाकतात, ते पाहायला पाहिजे ना." म्हणून भर दुपारी मानक नगरच्या फाटकापासून भाजीबाजारापर्यंत एक सहा फुटी माणूस छत्री उघडून सावकाश चालत जातो आणि दर पन्नास पावलांवर थांबून तिच्या काड्या तपासतो. भाजीवाले त्यांना 'छाता साहब' म्हणतात. छत्री अजून दुकानदाराचीच असते. तो ती गुपचूप देतो, कारण नाही म्हटलं तर साहेब स्टुलावर बसून नकाराची कारणं लेखी मागतात.

साहेब आमचे शेजारी, भिंतीला भिंत. मूळचे भंडाऱ्याचे. रेल्वेच्या संशोधन संस्थेत त्यांनी आयुष्यभर इंजिनांच्या चाचण्या घेतल्या. मी त्याच संस्थेत आस्थापना विभागात आहे. त्यांच्या निवृत्तीचे कागद माझ्याच टेबलावरून गेले, आणि त्यावर सही करण्याआधी साहेबांनी ते चार दिवस घरी नेऊन 'तपासले' होते. निवृत्त व्हायचं की नाही याचा निर्णय जणू बाकी होता.

त्यांचा नियम एकच. चाचणी पूर्ण कधी? एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा पाहिल्यावर. तोवर शेरा राखून ठेवायचा. रेल्वेच्या इंजिनाला हा नियम योग्यच आहे, त्याच्यामागे हजार माणसं बसलेली असतात. साहेबांनी तो कुकरला लावला, चपलांना लावला आणि पोटच्या मुलालाही लावला.

ही हकिगत मला त्यांच्या बायकोनं सांगितली. त्यांना मी वहिनी म्हणते. अमोल, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, चौथीत असताना त्यानं सायकल मागितली. साहेबांनी तीन कंपन्यांची माहिती मागवली, मोठ्या कागदावर तुलनात्मक तक्ता आखला, ब्रेकच्या चाचण्या घेतल्या. तिन्ही ऋतू पाहिले. एका कंपनीनं मधेच मॉडेल बदललं, म्हणून तिन्ही ऋतू पुन्हा पाहिले. सायकल घरी आली तेव्हा अमोल सहावीत होता आणि त्याचे गुडघे हँडलला लागत होते. तक्त्यात मुलाच्या उंचीचा रकाना होता. साहेब काही विसरत नाहीत. फक्त ती उंची चौथीत मोजलेली होती.

ती सायकल अजून त्यांच्या जिन्याखाली उभी आहे. नवीकोरी.

पुढे अमोल शिकला, अमेरिकेत गेला, तिथेच लग्न केलं. सहा महिने बर्फ असतो अशा कुठल्याशा गावात तो राहतो. दोनेक महिन्यांनी घरी फोन करी. साहेब मराठीत विचारत, तो हिंदीत उत्तर देई. "जी पापा, सब ठीक. मम्मी को दो." एवढ्यावर साहेबांचा वाटा संपे.

आणि मग एका रविवारी त्यानं मम्मी को दो म्हणण्याऐवजी विचारलं, "पापा, गाड़ी लेनी है. इलेक्ट्रिक लूँ या प्लग-इन हाइब्रिड? आप बताओ, आप तो इंजीनियर हो."

हे वाक्य मला तोंडपाठ आहे, कारण पुढच्या आठवड्यात साहेबांनी ते आम्हाला, दूधवाल्याला आणि संस्थेच्या फाटकावरच्या शिपायाला ऐकवलं. "आप बताओ, म्हणाला. मी सांगितलं, थांब बेटा. डेटा येऊ दे."

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सायकल मी विसरले नव्हते.

आमच्याकडे प्रिंटर आहे, म्हणून दर शनिवारी साहेब पेन ड्राइव्ह घेऊन येऊ लागले. कागद माझा, शाई माझी, वर व्याख्यान. त्यामुळे हा विषय माझ्या गळी उतरला. इलेक्ट्रिक म्हणजे नुसत्या बॅटरीवर चालणारी. प्लग-इन हायब्रिड म्हणजे घरी चार्ज करायची, थोडं अंतर विजेवर जायचं, वीज संपली की पेट्रोल. दोन्हींना तिकडचं सरकार सवलत देतं, आणि साहेबांचा जीव त्या सवलतीत अडकला होता.

"हातात नाही मिळत हो मॅडम. भरायच्या टॅक्समधून वजा होते. टॅक्स कमी बसला तर उरलेली सवलत गेली. प्लग-इनची बॅटरी लहान, म्हणून सवलतही लहान. राज्याची वेगळी, त्याचा फॉर्म वेगळा. आणि एखाद्या कंपनीच्या गाड्या फार खपल्या, की तिची सवलत कमी कमी होत बंद होते."

"म्हणजे तुम्ही चांगली गाडी शोधेपर्यंत बाकीचे लोक ती घेऊन सवलत संपवणार."

"तशी शक्यता आहे," ते गंभीरपणे म्हणाले आणि टिपून घेतलं.

"मग आजच सांगा की त्याला. इलेक्ट्रिक घे म्हणा, नाहीतर प्लग-इन घे म्हणा. दोन्हींना चाकं चारच आहेत."

"तिथे बर्फ आहे ना जी. थंडीत बॅटरी बसते, वर हीटर तिलाच खातो. नातू मागच्या सीटवर असेल. रस्त्यात थांबली तर?"

नातवाला त्यांनी फोनच्या पडद्याबाहेर कधी पाहिलेलं नाही. पण तो मागच्या सीटवर कुडकुडतोय हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

तिकडची गाडी हाताशी नाही म्हणून त्यांनी इथली ई-रिक्षा धरली. जानेवारीच्या धुक्यात माकडटोपी घालून ते चारबाग स्टेशनला जात, ताज्या चार्ज केलेल्या रिक्षात बसत आणि किलोमीटर वहीत लिहीत. एकदा मीही स्टेशनवरून त्यांच्याबरोबर आले. ते दर चौकात उतरून बॅटरीला हात लावत होते. शेवटी रिक्षावाला म्हणाला, "चचा, पहले सवारी पहुँचा दें? फिर आराम से इसकी नब्ज़ देखिएगा."

"बेटे के लिए है," साहेब म्हणाले.

"बेटा रिक्शा चलाएगा?"

"अमरीका में," साहेब म्हणाले. रिक्षावाल्यानं आरसा फिरवून त्यांना नीट पाहून घेतलं.

लखनऊची थंडी पुरेना, तेव्हा त्यांनी टॉर्चचे सेल फ्रीजरमध्ये ठेवले, वहिनींनी वर्षभरासाठी सोललेल्या मटारच्या शेजारी. दर दोन तासांनी सेल काढायचे, मोजायचे, परत ठेवायचे. फ्रीजर सारखा उघडून मटार बर्फाचा गोळा झाला. वहिनींनी सेल अंगणात भिरकावले. "मुलानं एक शब्द विचारला तर माझ्या फ्रीजचं काहून वाटोळं करता?" साहेबांनी सेल वेचले, पुसले आणि वहीत लिहिलं, 'चाचणीत व्यत्यय'.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. अमोल आता दर रविवारी फोन करू लागला होता. सकाळी सातला, म्हणजे त्याच्या शनिवारच्या संध्याकाळी. साहेब साडेसहालाच इस्त्रीचा शर्ट घालून फाइल मांडीवर घेऊन बसत.

असं दीड वर्ष चाललं. मग एके दिवशी माझ्या मुलीनं मला इंटरनेटवरचा फोटो दाखवला. अमोल, बायको, मुलगा, आणि मागे राखाडी रंगाची भलीमोठी गाडी. खाली लिहिलं होतं की गाडीला वर्ष झालं. गाडी पेट्रोलची होती.

मला राग आला. बापाचा येत होताच, आता मुलाचाही आला. घेतलीस ना? मग सांग. म्हातारा धुक्यात रिक्षांच्या नाड्या बघत फिरतोय. लोकांना अंधारात ठेवणं मला जमत नाही, आणि रविवारी सकाळी मी सरळ त्यांच्या घरी गेले.

फोन चालू होता, स्पीकरवर. साहेबांनी मला हातानं बसायला सांगितलं.

"...तर बेटा, नव्या वर्षात सवलतीचे नियम बदलू शकतात. मी दोन्ही रकाने ठेवलेत."

"जी पापा."

"हिवाळ्याचा डेटा अर्धा झाला."

"अच्छा. पापा, अभी निकलना है, डिनर पे."

"बाहेर बर्फ असेल. जाणार कसा?"

पलीकडे किल्ल्या खुळखुळल्या. "दोस्त आया है. उसकी गाड़ी में."

"बरं. बेल्ट लाव."

मागे काहीतरी घरघरलं, टुणटुण वाजलं आणि फोन बंद झाला. चार मिनिटं. मी भाजीवाल्याकडे लौकीचा भाव करायला याहून जास्त वेळ घेते.

"साहेब," मी म्हणाले, "अमोलनं गाडी..."

"घेतली," ते म्हणाले. "पेट्रोल. सहा सिलिंडर असावेत. थंडीत सुरू होताना थोडं अडखळतं, प्लग बदलायला पाहिजेत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी जन्मभर इंजिनं ऐकली, मॅडम. मागच्या हिवाळ्यात पहिल्यांदा ऐकू आलं. वाटलं, खरंच दोस्ताची असेल. पण दर रविवारी तेच इंजिन. बेल्टची घंटीही तीच." फाइलची नाडी ते बांधत होते, सोडत होते. "मीच उशीर केला. याही वेळी."

"मग आता हे सगळं कशाला?"

"विचारलं होतं ना त्यानं. उत्तर द्यायला नको?" मग खिडकीकडे बघत म्हणाले, "आणि अहवाल दिला की फाइल बंद होते. मग रविवारी तो मम्मी को दो म्हणेल." आवाज आणखी खाली आला. "हिला सांगू नका. हिला वाटतं, तो माझ्या रिपोर्टसाठी थांबलाय."

मी उठले. अशा वेळी काय बोलायचं ते मला येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांच्यावर माझा विश्वास नाही. स्वयंपाकघरातून मागच्या दारानं निघाले तर वहिनी फ्रीजरपाशी. मटार एका बाजूला सारून त्या टॉर्चचे सेल ओळीनं मांडत होत्या.

"तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत ना?" त्यांनी हळूच विचारलं. "गाडीचं मला अमोलनं घेतली त्याच दिवशी सांगितलं. पापा को मत बताना, म्हणाला." फ्रीजरचं दार त्यांनी अलगद लावलं. "नऊला रीडिंग घ्यायचंय त्यांना."

मुलगा बापाला फसवतोय, बाप बायकोला, बायको दोघांना, आणि त्या सगळ्यांना मिळून आठवड्याची चार मिनिटं मिळतायत. हा गुंता सोडवायला मी काही यांची साहेब नाही.

पुढच्या शनिवारी दारात पेन ड्राइव्ह. "मॅडम, इलेक्ट्रिकच्या बाजूनं एक नवा मुद्दा निघालाय. आता पुन्हा एक उन्हाळा पाहावा लागेल."

"दोन पाहा," मी म्हणाले आणि प्रिंटरमध्ये नवा गठ्ठा घातला. "साधं काढू की रंगीत?"

"रंगीत," साहेब म्हणाले. "सवलतीचे रकाने हिरवे केलेत. त्याला वाचायला सोपं जाईल."